किल्ली कोणाकडे राहणार?

वाचकाचे पत्र

महोदय, आमच्या भागात नऊ सोसायट्यांच्या मधोमध सुमारे 6,000 चौरस मीटरचा एक भूखंड टी.पी. स्कीममध्ये (नगररचना योजनेत) बाग आणि क्रीडांगणासाठी राखून ठेवलेला आहे. आजवर तेथे गवत, गाई आणि नवरात्रीतला मंडप याखेरीज काही उभे राहिले नाही. या वर्षी आमच्या नगरसेविका म्हणाल्या की, सर्वांनी मिळून एकच प्रस्ताव दिला तर पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद व्हावी म्हणून त्या प्रयत्न करतील. मी सोसायट्यांच्या संयुक्त समितीची चिटणीस आहे आणि सध्या अध्यक्ष नसल्यामुळे सभाही मीच चालवते. दोन सभा घेतल्या आणि दोन्ही आरडाओरड्यात संपल्या. तरुण कुटुंबांना तरणतलाव हवा आहे, ज्येष्ठांना चालण्याचा मार्ग आणि शांतता हवी आहे, मुलांना क्रिकेट, काहींना गरब्यासाठी मोकळी जागा, तर आपल्या काही मराठी मंडळींना मल्लखांब आणि व्यायामशाळा. तलाववाल्यांनी 412 सह्या जमवल्या, चालणाऱ्यांनी 365. आणि पडताळून पाहिले तर 140 माणसांच्या सह्या दोन्ही अर्जांवर निघाल्या! भूखंडाच्या भिंतीला लागून राहणारे लोक म्हणतात की काहीच नको. आता मतदान घ्यावे असा आग्रह आहे. माझा मुलगा क्रिकेट खेळतो म्हणून मी पक्षपाती असल्याचेही बोलले जाते. मी काय करावे? की हे पदच सोडून द्यावे?
एक चिटणीस, वडोदरा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली जी गोष्ट तुम्ही वैतागून उद्गारचिन्हासह लिहिली आहे, तीच मला सर्वांत आशादायक वाटली. दोन्ही अर्जांवर सह्या करणाऱ्या त्या 140 माणसांना कोणी भिडस्त म्हणेल, कोणी दुटप्पी म्हणेल, आणि त्यांतल्या काहींनी दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला लवकर वाटेला लावण्यासाठी सही केली असेल हेही मी नाकारत नाही. पण बाकीच्यांनी तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर लिहून दिले आहे. मराठीत आपण 'आवडेल' आणि 'चालेल' हे दोन शब्द किती निराळ्या अर्थांनी वापरतो ते पाहा. मुलीच्या सासरी जेवायला बसल्यावर पानात कारल्याची भाजी आली तर ती आवडेलच असे नाही, पण चालेल. तुमच्या दोन्ही सभांमध्ये लोकांना काय आवडेल एवढेच विचारले गेले, आणि त्या प्रश्नाची उत्तरे जितकी डोकी तितकी असणारच. कोणाला काय चालेल, आणि चालत नसेल तर कोणत्या अटीवर चालेल, हे अजून कोणी विचारलेलेच नाही. पुढचे सगळे काम त्या दुसऱ्या प्रश्नाचे आहे.

म्हणून मतदान घेऊ नका. तुमच्याच आकड्यांची बेरीज केली तर सही करणारी माणसे एकूण 637 होतात. त्यांपैकी फक्त तलाव मागणारी 272 आणि फक्त चालण्याचा मार्ग मागणारी 225. दोन्हीकडच्या सह्या वगळल्या तर अर्धी संख्या कोणाकडेच नाही. त्याशिवाय क्रिकेटवाली मुले, घरकामाला येणाऱ्या बायका आणि भिंतीलगतची कुटुंबे या हिशेबात कोठेच नाहीत. आणि समजा, उद्या तलाव चार मतांनी जिंकला. निवडणुकीत हरलेल्याला पाच वर्षांनी पुन्हा संधी मिळते, पण काँक्रीटचा हौद पाच वर्षांनी उखडता येत नाही आणि हरलेला माणूस त्याच्याच शेजारी राहत असतो.

सभेपूर्वी एक कागदोपत्री काम उरकून घ्या. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या फायनल प्लॉटचा (स्कीममध्ये अखेर ठरलेल्या भूखंडाचा) नकाशा, त्याचे नेमके क्षेत्रफळ आणि तो कोणत्या प्रयोजनासाठी राखलेला आहे याची नोंद लेखी मिळवा. सरळ मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. हे मी कारकुनी हौसेने सांगत नाही. नोकरीची बत्तीस वर्षे नगररचनेच्या कामात घालवल्यावर मला असे दिसले आहे की निम्मी भांडणे त्या जागेवर जे मुळात होऊच शकत नाही त्यासाठी चालू असतात. तुमच्याकडेही कोणीतरी 'एका कोपऱ्यात लग्नाचा हॉल काढू, भाड्यातून देखभाल निघेल' अशी कल्पना मांडली असेल, आणि नसेल तर लवकरच मांडेल. बागेसाठी राखलेल्या जागेचा उद्देश बदलायचा तर स्कीममध्येच फेरफार करण्याची प्रक्रिया करावी लागते. बंगळूरमध्ये नकाशात बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले, आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे हॉलची कल्पना नम्रपणे पण पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा, म्हणजे तिच्यावर तिसरी सभा खर्ची पडणार नाही.

याच कागदांतून आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात आणून द्यावी. हा भूखंड तुमच्या नऊ सोसायट्यांच्या मालकीचा नाही. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्याप्रमाणे टी.पी. स्कीम आखताना मूळ जमीनधारकांच्या जमिनी एकत्र करून प्रत्येकाला थोडा लहान, पण रस्त्यालगतचा भूखंड परत दिला जातो, आणि कापून घेतलेल्या जमिनीतून रस्ते, शाळा, दवाखाने आणि बागा यांसाठी जागा निघते. बागा, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा यांसाठी त्या कायद्यात पाच टक्क्यांचा वाटा सांगितला आहे. म्हणजे तुमची वस्ती उभी राहण्यापूर्वी जे तेथे शेती करत होते, त्यांच्या जमिनीचा तुकडा त्या मैदानात आहे. त्यांची मुले-नातवंडे आजही मागच्या गावठाणात राहत असतील तर त्यांना सभेचे निमंत्रण गेले होते का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

आता भिंतीलगतच्या कुटुंबांविषयी. 'काहीच नको' म्हणणाऱ्याला आपण अडवणूक करणारा समजतो, आणि समिती त्याच्याकडे सर्वांत शेवटी, बहुमताचा कागद घेऊन जाते. तुम्ही त्यांच्याकडे सर्वांत आधी, रिकाम्या हाताने जा. त्यांच्या स्वयंपाकघरात किंवा मागच्या ओट्यावर बसून त्यांच्याच खिडकीतून तो भूखंड पाहा. नवरात्रीच्या रात्री त्या खिडकीच्या काचा कशा थरथरतात, मंडपाचे खांब कोठे रोवले जातात, गाड्या कोणाच्या फाटकासमोर लावल्या जातात आणि आठव्या दिवशी कोणाच्या घरातले तान्हे मूल रडून रडून आजारी पडले होते, हे त्यांना आठवते. मंडपात नाचणाऱ्यांना ते ठाऊक नसते. अशा माणसाला 'काहीच नको' असे वाटणे अगदी साहजिक आहे. त्यांच्या भीतीची एकेक नोंद वहीत करा आणि प्रत्येक भीतीपुढे एक अट लिहा. दिव्यांना टोप्या असाव्यात आणि ते 10 वाजता बंद व्हावेत. मुख्य फाटक त्यांच्या गल्लीकडे नसावे. चेंडू जाणाऱ्या बाजूला उंच जाळी असावी. ध्वनिक्षेपकाचे नियम तर कायद्यातच आहेत: 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत जी सवलत देऊ शकते ती वर्षाकाठी 15 दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. तुमच्या प्रस्तावात हे दिवस आधीच ठरवून, गरब्याचे किती आणि गणेशोत्सवाचे किती, हे लिहून टाका. ज्याला दर वर्षी आठ-नऊ रात्री त्रास सहन करायचा आहे त्याला उरलेल्या रात्रींची लेखी हमी मिळाली, तर तो 'नको' पासून 'चालेल' पर्यंत येतो असा माझा अनुभव आहे. सगळेच येतात असे नाही, पण आठ घरांपैकी पाच-सहा येतात, आणि मग उरलेल्या दोघांशी ते पाच-सहाच बोलतात.

यानंतर मोजणी. कृपा करून घरोघर फॉर्म वाटू नका. 'तुम्हाला खालीलपैकी काय हवे' असे विचारले की माणूस सगळ्याच चौकटींत खूण करतो. त्या 140 सह्यांसारखेच ते. त्याऐवजी दोन-तीन स्वयंसेवकांनी एक कामाचा दिवस आणि एक रविवार, पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते रात्री नऊ, त्या भूखंडाजवळ आणि आसपासच्या रस्त्यांवर उभे राहून कोण काय करते याची नुसती नोंद करावी. पहाटे रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालणारे किती, दहावीच्या क्लासला जाण्यापूर्वी अर्धा तास बॅट फिरवणारी मुले किती, संध्याकाळी बाकड्यावर बसायला आलेल्या आज्या किती, वॉचमनच्या खोलीबाहेर खेळणारी त्याची मुले किती. मुलींचा आकडा वेगळा लिहा. आठ-नऊ वर्षांच्या मुली मैदानावर भरपूर दिसतात आणि बारा-तेरा वर्षांच्या एकदम दिसेनाशा होतात. त्या मुलींना आणि त्यांच्या आयांना घरी जाऊन विचारले तर उत्तरे बहुधा खेळाविषयी नसतात, ती स्वच्छतागृह, उजेड आणि कठड्यावर बसून असणारे टोळके यांविषयी असतात. हे कोणत्याही सभेत कोणी उठून बोलणार नाही. सभेत बोलणारी माणसे आणि मैदान वापरणारी माणसे पुष्कळदा एकमेकांना ओळखतही नाहीत.

मोजणी हाती आली की तुमच्या लक्षात येईल की जागेपेक्षा वेळेचे वाटप जास्त महत्त्वाचे आहे. पहाटे चालणारे, साडेसहाला योग करणारे, शाळा सुटल्यावर येणारी लहान मुले, सहानंतरचे खेळाडू आणि साडेआठला जेवून शतपावलीला येणारे, हे सगळे एकाच मातीवर येऊन जाऊ शकतात, कारण ते एका वेळी येत नाहीत. खो-खोचे मैदान 27 गुणिले 16 मीटरचे, कबड्डीचे पुरुषांचे मैदान 13 गुणिले 10 मीटरचे, व्हॉलीबॉलचे 18 गुणिले 9 मीटरचे. भोवती मोकळी जागा धरली तरी एकाच मातीच्या चौकात हे तिन्ही खेळ वारांप्रमाणे आलटून पालटून बसतात. भूखंड साधारण चौरस असेल तर कडेकडेने पावणेतीनशे मीटर लांबीचा चालण्याचा मार्ग निघेल आणि मधली बहुतेक सगळी जागा मोकळी राहील.

दोन मागण्यांविषयी मात्र स्पष्ट बोलावे लागेल. पहिली तुमच्या मुलाची. पूर्ण मापाचे क्रिकेटचे मैदान त्या भूखंडात मावत नाही. 60 मीटरची सीमारेषा धरली तर 11,000 चौरस मीटरपेक्षा जास्त जागा लागते, आणि तुमच्याकडे तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक आहे. जाळीतला सराव आणि टेनिस बॉलचा खेळ मावतो. हे मुलांना तुम्हीच सांगा, आणि आकड्यांसह सांगा. मुले मोठ्यांपेक्षा हिशेब लवकर समजून घेतात.

दुसरी मागणी तलावाची, आणि येथे मी माझे मत लपवत नाही: तुमच्या भूखंडावर पहिल्या टप्प्यात तलाव होऊ नये. 25 मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलावाचा पाण्याचा भाग सव्वातीनशे चौरस मीटरहून कमी असतो, म्हणून कागदावर तो लहान दिसतो. पण भोवतीची फरशी, कपडे बदलण्याच्या खोल्या, गाळणयंत्रे आणि वाहनतळ धरले तर तो त्याच्या तीन-चार पट जागा खातो. सरासरी दीड मीटर खोली धरली तर पावणेपाच लाख लिटरच्या घरात पाणी होते, आणि ते रोज गाळावे, तपासावे लागते. जीवरक्षक पगारी आणि प्रशिक्षित लागतात, पुरुषांच्या वेळेला वेगळे आणि स्त्रियांच्या वेळेला वेगळे. तलाववाल्यांना हे सभेत ऐकवलेत तर ते तुम्हाला विरोधी पक्षात टाकतील. त्यापेक्षा त्यांच्यातल्या चौघांना घेऊन लालबागेतल्या महापालिकेच्या तरणतलावावर एक सकाळ घालवा, तेथल्या कर्मचाऱ्यांना माणसे किती लागतात, यंत्रे कधी बंद पडतात आणि पावसाळ्यात काय होते ते विचारा, आणि परत येताना निष्कर्ष त्यांनाच काढू द्या. आणि ज्या आया 'पाणीच नको' म्हणतात त्यांना कोणी हसू नये. 18 जानेवारी 2024 रोजी आपल्याच शहरात हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांना लाइफ जॅकेट दिलेली नव्हती. करमणुकीच्या जागेची रोजची जबाबदारी नेमकी कोणावर आहे, हा प्रश्न बडोद्यात आता कोणालाही काल्पनिक वाटत नाही.

पाण्याचाच विषय निघाला आहे तर ऑगस्ट 2024 चा पूरही आठवा. विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तुमच्या भूखंडावर आणि आसपास ते कोठपर्यंत आले होते, याच्या खुणा शेजाऱ्यांकडून जागेवर दाखवून घ्या. जे काही बांधायचे, पंपाची खोली, स्वच्छतागृह, साहित्याची खोली, ते त्या खुणेच्या वर हवे. बाकीची जमीन जितकी मातीची आणि गवताची राहील तितके पाणी मुरेल. सगळीकडे फरशी बसवून घेण्याची आपल्याकडे हौस असते, ती येथे आवरलेली बरी. चौथरा उंच केला की चाकाच्या खुर्चीसाठी उताराची जागाही मोजावी लागते: एकास बारा या प्रमाणात 30 सेंटिमीटर उंचीला 3.6 मीटर लांबीचा उतार. हे नकाशा काढण्यापूर्वी ठरले तर सहज बसते, नंतर ते फाटकाच्या तोंडाशी कसेबसे चिकटवलेले दिसते.

नकाशावरून आठवले. पुढच्या सभेत कागदी नकाशा दाखवू नका, कारण तो वास्तुरचनाकाराखेरीज कोणालाच वाचता येत नाही आणि ते कबूल करण्याची लाज सर्वांनाच वाटते. खो-खोच्या मैदानावर मारतात ती फक्की आणा आणि भूखंडावरच खऱ्या मापात रेषा मारा: हा चालण्याचा मार्ग, हा मातीचा चौक, हा तलाव, ही गाड्यांची जागा. फक्कीने आखलेल्या तलावाभोवती एक फेरी मारली की किती मैदान शिल्लक राहते ते पायांनाच कळते. रेषा पुसून दुसरीकडे मारता येतात. माणसे हातात फक्की घेऊन भांडू लागली की ती निम्मी एकमताला आलेली असतात. त्या रेषांप्रमाणे दोन-तीन महिने जागा वापरूनही पाहा, गवत कापून आणि दोन तात्पुरते दिवे लावून, अर्थात महापालिकेची लेखी परवानगी घेऊन. सकाळच्या चालणाऱ्यांना मुलांच्या चेंडूचा खरोखर किती त्रास होतो, हे तेव्हा अंदाजाऐवजी अनुभवाने ठरेल.

आपल्या मराठी मंडळींविषयी दोन शब्द. मल्लखांबाची मागणी 'मराठ्यांची' आणि गरब्याची मागणी 'गुजरात्यांची' अशी वाटणी सभेत झाली असेल, तर ती तिथल्या तिथे मोडून काढा. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी बडोद्यात जो आखाडा नावारूपाला आणला त्याला त्यांनी आपल्या मुसलमान उस्तादांचे, जुम्मादादांचे, नाव दिले; जुम्मादादा व्यायाम मंदिर हे नाव आपण इतक्या सवयीने घेतो की त्यामागची गोष्ट विसरतो. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलो. आमच्या गल्लीतले मल्लखांबावरचे सर्वांत चपळ पोर पटेलांचे होते आणि नवरात्रीत सर्वांत उशिरा घरी येणारी माझी थोरली बहीण. कबड्डीचेच पाहा. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तिचे तीन प्रकार गावोगाव खेळले जात, बाद झालेला गडी परत येतो की नाही यावरच मुळात एकमत नव्हते. 1923 च्या सुमारास बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली तेव्हा वेगवेगळ्या पद्धतींनी खेळणाऱ्यांना एका मैदानावर उतरता आले. कोणाला आपला प्रकार सोडून द्यावा लागला असेल, पण स्पर्धेला ते आले.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावरून मी या उत्तराला शीर्षक दिले. पंचवीस एक वर्षांपूर्वी एका लहान गावात बॅडमिंटनचा हॉल बांधण्याच्या कामात मी होतो. गावाचे पूर्ण एकमत होते, सभेत टाळ्या पडल्या, उद्घाटनाला पेढे वाटले गेले. हॉलची किल्ली कोणाकडे राहणार, एवढे कोणी विचारले नाही. मीही नाही, आणि ते विचारणे माझेच काम होते. पहिल्या आठवड्यात किल्ली शिपायाकडे होती, मग एका पदाधिकाऱ्याच्या पुतण्याकडे गेली, मग ती सापडेनाशी झाली. चार वर्षांनी मी तेथे पुन्हा गेलो तेव्हा हॉलमध्ये मंडपाचे बांबू, मतपेट्या आणि एक मोडकी घंटागाडी होती. लाकडी फरशीवर कबुतरांची विष्ठा होती. त्या दिवसापासून कोणत्याही आराखड्यावर माझा पहिला प्रश्न किल्लीचा असतो: फाटक सकाळी कोण उघडणार, रात्री कोण बंद करणार, दिवा गेला तर कोणाला फोन करायचा, झाडांना मे महिन्यात पाणी कोण घालणार, आणि या सगळ्याचे पैसे दर महिन्याला कोठून येणार. बांधकामाला निधी मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण त्यावर नावाची पाटी लागते. फाटक उघडण्यावर पाटी लागत नाही.

म्हणून 'काय बांधायचे' या यादीच्या आधी 'कोण सांभाळणार' ही यादी करा, आणि जे कोणीच सांभाळायला तयार नाही ते प्रस्तावातून काढा. या बाबतीत बडोद्याला आपलाच जुना धडा आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांची योजना सुरू केली, तेव्हा गावाच्या वाचनालयासाठी लोकांनी जितकी वर्गणी जमवावी तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी अशी पद्धत ठेवली होती. महाराजांना सगळा पैसा देता आला नसता असे नाही. पण ज्या गावाने आपला तिसरा हिस्सा घातला तेथे वाचनालयाचे दार उघडे आहे की नाही हे पाहायला गावकरी स्वतः जात. तुमच्या नऊ सोसायट्यांनी मासिक देखभालीत घरटी थोडी रक्कम आणि आठवड्याला एका सोसायटीची पाळी असे काही कबूल केले, तर प्रस्तावाला महापालिकेत वजन येईलच, शिवाय कोणत्या मागणीमागे खरी निष्ठा आहे तेही समजेल. 412 सह्यांपैकी किती जण तलावाच्या देखभालीची दरमहा वर्गणी द्यायला तयार आहेत, हे एकदा विचारून पाहाच. ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांच्याकडून ती मागू नका आणि वर्गणी न देणाऱ्याला फाटकातून परत पाठवण्याचा नियम चुकूनही करू नका. जागा सार्वजनिक आहे.

सभांच्या पद्धतीविषयी थोडक्यात. मोठी सभा एकच घ्या आणि ती शेवटी घ्या. त्यापूर्वी दहा-पंधरा माणसांच्या बैठका व्हाव्यात, ज्येष्ठांची वेगळी, मुलींची वेगळी, भिंतीलगतच्या घरांची वेगळी, आणि घरकामाच्या बायकांची दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, कारण त्यांना तेव्हाच वेळ असतो. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त तेथेच वाचून दाखवावे आणि 'माझे म्हणणे बरोबर लिहिले आहे' अशी उपस्थितांची सही घ्यावी. मागच्या सभेत कोण काय म्हणाले यावरून पुढची सभा मोडते, आणि ते या एका सहीने टळते. जो 'चालणार नाही' म्हणेल त्याला पुढे विचारायचेच: काय बदलले तर चालेल? त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे. सर्व बदल करूनही कोणी विरोधात राहिला तर त्याचा विरोध कारणांसह प्रस्तावाला जोडावा. तो लपवलात तर तोच कागद पुढे न्यायालयात तुमच्याविरुद्ध येईल. महापालिकेचे अंदाजपत्रक हिवाळ्याच्या अखेरीस स्थायी समितीपुढे येते, तेव्हा प्रस्ताव डिसेंबरपर्यंत नगरसेविकेच्या हाती आणि त्याची पोच तुमच्या फायलीत असावी. तुमच्या प्रभागातले चारही नगरसेवक एका पक्षाचे असोत वा नसोत, प्रत चौघांनाही द्यावी.

राहिला तुमच्या पदाचा प्रश्न. चिटणीसपद सोडू नका; इतिवृत्त लिहिणारी व्यक्ती बदलली की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सभा चालवण्याचे काम मात्र सोडा. तुमचा मुलगा क्रिकेट खेळतो ही गोष्ट पुढच्या बैठकीत तुम्हीच पहिल्या वाक्यात सांगून इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे ती कुजबुजण्याजोगी राहणार नाही. सभा चालवायला त्या दोन्ही अर्जांवर सही केलेल्या 140 माणसांतून कोणीतरी शोधा, शक्यतो भूखंडापासून थोडी लांब राहणारी, शाळेत शिकवलेली आणि गुजराती उत्तम बोलणारी एखादी बाई. वर्ग शांत करण्याची सवय समितीच्या कामात फार उपयोगी पडते. सूचना गुजराती, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत काढा. आणि शेवटची मोठी सभा क्लब हाउसमध्ये घेऊ नका. ती रविवारी सकाळी सात वाजता भूखंडावरच, फक्कीच्या रेषांवर उभे राहून घ्या. ज्येष्ठांसाठी दहा-बारा खुर्च्या ठेवल्या म्हणजे पुरे. बाकीच्यांना बसायला काही नसले की भाषणे आपोआप आखूड होतात.